सात वाजता उघडणारं किचन

बंगळूरमधलं ते छोटं, देखणं हॉटेल मी फोटो बघून निवडलं. मोजक्याच खोल्या, प्रत्येकीची सजावट निराळी. निपाणीबाहेर फारशी न राहिलेल्या आईला एकदा असं काही दाखवायचं होतं. चौकशी सगळी केली, फक्त जेवणाची वेळ विचारायची राहिली. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर आई पाणीसुद्धा घेत नाही.

ट्रॅफिकमुळे पोहोचायलाच संध्याकाळ झाली. जेवण मागवू म्हणून आईनं मधुमेहाची गोळी आधीच घेतली आणि मग खालून कळलं, किचन सातला उघडेल.

"एवढ्या भारी हॉटेलात चूल पेटत न्हाय व्हय रं?" आई हसली.

मी खाली जाऊन विनवण्या केल्या. चिरलेली फळं घेऊन वर आलो, तोवर बाहेर दिवे लागले होते.

"खा गं आई. गोळी घेतलीयास."

"न्हाय रं. एका रातीनं काय हुतंय?"

पण तिच्या कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. मी केळ्याचा तुकडा तिच्या ओठांपाशी धरला आणि हात मागे घेतला नाही. शेवटी तिनं डोळे मिटून तो खाल्ला. आयुष्यभराचा नेम मी माझ्या हातानं मोडला.

"आता रडू नगंस," ती म्हणाली, "दुसरा दे."