आळीची साखर

समुद्रकाठच्या सला शहरातल्या बायकांची तोंडं मन्नाना कधीकधी विसरायची, पण एकदा घासलेली पाठ कधी विसरली नाही. नवरा गेल्यापासून बाब मरीसा वेशीच्या आतल्या हम्मामात, म्हणजे गावाच्या न्हाणीघरात, ती बायकांना न्हाऊ घालत होती. ओल्या फरशीवर बाईला पालथं पाडायचं, खरखरीत हातमोजा चढवायचा आणि मानेपासून टाचेपर्यंत असं घासायचं, की उठताना बाईला वाटावं आपण आत्ताच जन्मलो. हाताबरोबर तोंडही चालायचं. तेलाची कुपनं कधी वाटणार, रॉकेल कुठल्या दुकानात आलंय, सुलतान तांजेरला जाऊन काय बोलले, रबातच्या थेटरात या आठवड्यात कुठल्या सिनेमाला बायका रुमाल ओले करतायत, हे सगळं आळीला तिच्याकडून कळायचं. न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ पुरुषांचा. बायकांचा रेडिओ मन्नाना, आणि त्याला वीजही लागत नसे.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. "जर्मन हरला म्हणतात," ती पाण्याची बादली ओतत विचारायची, "मग साखर का अजून लपून बसलीय? तिनं कुणाचं काय केलं होतं?" बायका खो-खो हसायच्या. घरी गेल्यावर हसण्यासारखं फारसं नव्हतं. साबण नाही म्हणून डोकी मातीनं धुवायची. कापड नाही म्हणून पिठाच्या पोत्याचे झगे शिवायचे, आणि एखाद्या पोरीच्या पाठीवरचं गिरणीचं नाव कितीही धुतलं तरी जायचं नाही. साखर कुपनावर मिळायची ती इतकी, की पाहुणे दोनदा आले की महिना आटोपला. काळ्या बाजारात साखरेच्या एका ढेपेला, सुळक्याला, मन्नानाची महिन्याची कमाई पडायची. चहाचा घोट घेताना लोक गालात सुकं अंजीर धरायचे आणि साखरेचाच चहा पितोय असं स्वतःला बजावायचे.

पण आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाता येत नाही. मागणी घालायची असो, सातव्या दिवशी बाळाचं नाव ठेवायचं असो, आजाऱ्याला भेटायचं असो नाहीतर मयताच्या घरी बसायला जायचं असो, हातात साखरेचा सुळका हवा. वर निमुळता, खाली रुंद, निळ्या कागदात गुंडाळलेला. तो नसेल तर माणसानं आपल्या घरी बसावं. मग या टंचाईत आळीनं केलं काय? एक सुळका कुणाच्या तरी लग्नात आला होता, तोच फिरायला लागला. एकीनं तो न फोडता दुसरीकडे नेला, दुसरीनं तिसरीकडे. हे कुणी ठरवलं नाही आणि त्याबद्दल कुणी चकार शब्दही काढला नाही.

कागद टोकाशी फाटला तेव्हा कुणीतरी ठिगळ चिकटवलं. सुतळी झिजली तेव्हा कुणीतरी लाल लोकर बांधली. एकदा तो एका लग्नाबरोबर नदीपलीकडे रबातला गेला आणि महिनाभर परतलाच नाही. आळीचा जीव टांगणीला लागला. त्या घरचा जावई परतला नसता तर एकवेळ चाललं असतं. शेवटी सुळका होडीतून परत आला तेव्हा बायकांच्या जिवात जीव आला. पोरं अंजिराच्या देठावरून भांडतायत, मोठ्यांच्या पोटात आग पडलीय आणि फडताळावर साखर उभी आहे, तरी एका घरानं कागदाला नख लावलं नाही. मन्नानाला याचं फार नवल वाटायचं. आळीतल्या या बायका तिनं भांडताना, चोरून ऐकताना, बादलीभर गरम पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरताना पाहिल्या होत्या. त्याच या बायका होत्या.

त्या वसंतात तिच्या लेकीला, हनियाला, मुलगी झाली. जावई कासाब्लांकाला मजुरीला गेलेला. बाळंतपण जड गेलं होतं, तरी सातव्या दिवशी रीतीप्रमाणे बाळाचं नाव ठेवलं. लोकर विकणाऱ्याची बायको बतूल तो सुळका घेऊन आली आणि मन्नानाला मानानं 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणत बोलली.

"लेकीला बरकत येवो, लल्ला मन्नाना," तिनं सुळका हातात दिला आणि मग आवाज उतरवला. "शुक्रवारी आमच्या पोराचा साखरपुडा आहे. लल्ला जुहूरच्या नातीशी. विसरू नकोस हं."

"विसरेन कशी? मीच तर जुळवलंय."

"तसं नाही गं. पण तुला लल्ला जुहूर ठाऊक आहे. आमच्या पोराचा एक डोळा तिरळा आहे, तेवढं तिनं पोटात घातलं. त्यावर रिकाम्या हातानं गेलो तर दारातूनच हाकलून देईल."

लल्ला जुहूर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी म्हातारी. बतूल खोटं बोलत नव्हती. मन्नानानं सुळका फडताळावर ठेवला आणि पाहुण्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनियाला उठवेना. बाळंतपणातला ताप उतरला होता, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. रस्सा दिला, उलटला. खजूर कुस्करून दिला, तोही उलटला. दूध आटलं होतं, आणि बाळ रडून रडून आता नुसतं तोंड उघडायचं, आवाज निघत नव्हता. सुईणीनं हनियाच्या पापण्या उचलून पाहिल्या.

"हिला साखरेचा चहा हवा, लल्ला मन्नाना. चांगला गोड. दिवसभर घोट घोट, असे काही दिवस. तेवढंच हिच्या पोटात ठरेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"ते मला विचारू नकोस," सुईण म्हणाली आणि बाळाला पाठीवर थोपटत बसली.

घरची साखर काल पाहुण्यांच्या चहात गेली होती. मन्नाना शेजारच्या घरांतून फिरून आली. महिनाअखेर होती, कुणाच्या डब्यात मुंग्यासुद्धा नव्हत्या. परत येऊन ती फडताळापुढे उभी राहिली. सुळका फोडला तर शुक्रवारी एक लग्न मोडणार, बतूलचं तोंड काळं होणार, आणि इतक्या घरांनी इतके दिवस उपाशीपोटी जपलेली गोष्ट मन्नानानं खाल्ली असं पिढ्यान्‌पिढ्या लोक म्हणणार. नाही फोडला तर आत अंथरुणावर लेक होती. मग तिनं साखर फोडायची पितळी हातोडी काढली.

लाल लोकर सोडली. ठिगळ अलगद सोडवलं. कागद उलगडल्यावर आतून असा पांढराशुभ्र सुळका निघाला, की तिला क्षणभर नमाजाच्या चटईवर उभं असल्यासारखं वाटलं. "बिस्मिल्ला," म्हणून तिनं टोकाजवळ हातोडी मारली. एक कपचा उडाला. तो गरम पाण्यात टाकून तिनं ढवळला. बाळंतिणीच्या तोंडात घालायचं ते आधी आपल्या तोंडात घालायचं, ही तिची सवय. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट!

आधी तिला वाटलं आपली जीभच बिघडली. मग तिनं सुळक्याला जीभ लावली. मीठ. वरपासून खालपर्यंत मीठ. "कुठल्या मेल्यानं..." असं म्हणत तिनं तो उपडा केला आणि पुढची शिवी तोंडातच राहिली. बुडाला चुन्याची गोल चकती बसवलेली होती. ती नखानं निघाली, आणि आत सुळका पोकळ होता. साखरेपेक्षा मीठ जड. हातात घेणारीला वजनाचा फरक कळू नये म्हणून कुणीतरी तो आतून कोरून काढला होता. आत छिन्नीचे बारीक बारीक ओरखडे होते, बाहेरून मात्र एकही दिसत नव्हता. मन्नाना जमिनीवर बसली. चोर इतके कष्ट घेत नाही. साखर चोरून दगड गुंडाळला असता तरी कोण बघणार होतं? हा माणूस किती दिवस आणि काय मनात धरून हे कोरत बसला असेल, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

आळीत मिठाचे दगड विकणारा एकच होता, सि बनाशिर, म्हणजे बनाशिरराव. एकटा म्हातारा, आणि चिकटपणाबद्दल प्रसिद्ध. बायको गेल्यापासून त्यानं कुणाला घरी चहाला म्हणून बोलावलं नव्हतं. त्याच्या घरच्या चहापेक्षा समुद्र गोड, असं लोक म्हणायचे. लेकीला सुईणीवर सोपवून मन्नाना त्याच्या दुकानात गेली आणि बुरख्याखालचा सुळका त्याच्यापुढे ठेवला.

"सि बनाशिर, हे तुमचं काम?"

त्यानं हातातला तराजू खाली ठेवला. घाबरला नाही, उलट हुश्श केलं.

"आलीस बाई एकदाची," तो म्हणाला. "मला वाटलं होतं आठवड्याभरात कुणीतरी शिव्या देत येईल. दोन वर्षं झाली."

"का केलंत असं?"

"टायफसच्या साथीत आमची ही पडली होती ना, तेव्हा लोक भेटायला आले आणि साखरेचा खरा सुळका आमच्याकडे आला. शेवटच्या सकाळी म्हणाली, 'अहो, एक पेला चहा द्या. पूर्वीसारखा.' टंचाई सुरू झाल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी टोक फोडलं आणि चहा केला. सगळा प्यायली. म्हणाली, 'आता बरं वाटलं.' आणि दुपारच्या बांगेला गेली."

मन्नानानं पुढ्यातला सुळका नीट उभा केला.

"मग पुढच्या घरी सुळका जायचा होता," बनाशिर म्हणाला. "टोक फुटलेली साखर कुणाला देणार? त्यांच्या घरी लग्न होतं. माझ्याकडे होतं काय, तर मीठ."

"आणि बाकीची साखर?"

तो आत गेला आणि एक मातीची बरणी घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलेलं, वर मुंग्या जाऊ नयेत म्हणून मेण ओतलेलं. त्यानं सुरीनं मेण उचकटलं. आत साखर होती. टोकाचा तुकडा सोडला तर अख्खा सुळका. लोकांनी रानातली मुळं उकडून खाल्ली ते दुष्काळाचं वर्षही या बरणीवरून गेलं होतं, आणि या म्हाताऱ्याच्या गालाची हाडं तर आजही वर आलेली होती.

"तुम्ही... तुम्ही खाल्ली नाहीत?"

"माझी होती का? आळीची होती. ती एक पेला प्यायली तेवढी खर्ची पडली."

मन्नानाला रडू फुटलं. लोकांच्या पाठी घासण्यात जन्म गेला, वाटायचं आपल्याला माणसं कळतात, आणि हा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे बसून होता. "आणि लोक तुम्हाला चिकट म्हणतात हो," ती हुंदके देत म्हणाली. "मीही म्हटलंय. हम्मामात, सगळ्यांसमोर."

"म्हणेनात का. मीठवाल्याला गोड कोण म्हणणार?" त्यानं बरणी तिच्याकडे सरकवली. "कुणासाठी हवीय ते सांगू नकोस, सगळी ने. सुळका इथे ठेव. उडालेला कपचा बसवून देतो."

"तो मी पाण्यात विरघळवला."

"मग नवा कोरतो," तो वैतागून म्हणाला. "जा आता, पाणी उकळत ठेव."

हनियाच्या पोटात पहिला घोट ठरला. मग दुसरा. संध्याकाळी तिनं डोळे उघडून बाळ मागितलं, आणि दोन दिवसांनी बाळ असं चुरूचुरू ओढायला लागलं, की सुईण बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. मन्नाना चहा ओतताना दर वेळी बनाशिरच्या बायकोचं नाव घेऊन गेलेल्यांसाठीची फातिहा पुटपुटत होती. चहा असा देतात हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

शुक्रवारी वरात निघाली. पुढे बतूल आणि तिरळ्या डोळ्याचा नवरदेव, मागे मेंदीची आणि खजुराची ताटं, आणि मधोमध मन्नानाच्या डोक्यावरच्या तबकात बनाशिरनं दुरुस्त करून दिलेला निळा सुळका. तिची मान ताठ होती. बतूलला काही ठाऊक नव्हतं. लल्ला जुहूर दारात उभी होती. तिनं नवरदेवाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे येऊन तिनं सुळका दोन्ही हातांनी उचलला आणि हातात तोलला.

म्हातारीनं सुळक्याला ओठ लावले आणि गळाभेट घेण्यासाठी वाकली. तिचं तोंड मन्नानाच्या कानाशी आलं.

"खाली आणखी एक कागद घालायचा होतास, पोरी," ती हळूच म्हणाली. "समुद्राची हवा लागली की याला पाणी सुटतं. गेल्या साली आमच्याकडे होता, तेव्हा मी चुलीपाशी ठेवून सुकवला."

मग ती सरळ झाली, सुळका घरातल्या सगळ्यात उंच फडताळावर नेऊन ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सोयरीक कबूल!" बायकांनी तोंडाशी हात नेऊन जीभ हलवत यू-यूचा आनंदाचा गजर केला. मन्नाना एकेका तोंडाकडे बघत राहिली. यातल्या कितीजणींनी कागद सोडून पुन्हा बांधला होता, कुणी जीभ लावली होती, कुणी रात्रभर रडून सकाळी हसत तो पुढच्या घरी नेला होता, तिला काही कळेना. बतूलनं तिला कोपरानं ढोसलं, "अगं, गप्प का?" तेव्हा तिनंही तोंडाशी हात नेला.