एक खड्डा भरायचा राहिला

हाजरा आणि मी शेवटचं सोबत बाहेर गेलो, तेव्हा भांडलो. मोठं काही नाही, दहा मिनिटांवरून. जुम्म्याची नमाज आटपून आम्ही दोघं अजमानहून धैदच्या जुन्या मजऱ्यावर गेलो होतो. इकडे दुबईच्या बाजूला शेतवाडीला मजरा म्हणतात. पडक्या घराच्या मागे, पंपाच्या खोलीपाशी ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, ओढणीवरून हेडफोन चढवलेला, हातात जमिनीतला धातू शोधायचं मशीन. मशीनची थाळी ती अशी फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई अंगण सारवतेय. उन्हं उतरायला लागली होती. मी गाडीचं दार उघडून उभा. तेवढ्यात तिने हात वर केला. "ऐका ना, रुबीनाचे अब्बा. आवाज वेगळा आहे." मी म्हटलं, "तुझा दर वेळी वेगळाच असतो." तिने खुरप्याने उकरायला घेतलं. हातभर खड्डा झाला, आवाज वाढला, पण खालची जमीन कडक लागली. "दहा मिनिटं द्या फक्त." मी म्हणालो, "खलास आता. शारजाचं ट्रॅफिक लागलं तर मगरीबची नमाज गाडीतच होईल. पुढच्या जुम्म्याला काढ, इन्शाल्ला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. खड्डा भरायलासुद्धा मी तिला थांबू दिलं नाही. तिने एक सुकी झावळी ओढून त्यावर आडवी टाकली आणि गाडीत येऊन बसली. शारजात ट्रॅफिक नव्हतंच. मगरीबच्या आधी आम्ही घरी.

पुढचा जुम्मा तिला मिळाला नाही. बुधवारी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "मला जरा बसू द्या," आणि ओट्याला पाठ लावून खाली बसली. ती बसलीच. अँब्युलन्स लगेच आली, तिच्यातल्या पोरांनी खूप केलं, कोणाची काही चूक नाही. गुरुवारी असरच्या नमाजेनंतर दफन केली. आता महिना उलटून गेला. मी पाचवी शिकलेला माणूस, जिंदगीभर दुसऱ्यांचे पंप दुरुस्त केले, पेन हातात धरला तो सही करायला. पण हाजराबद्दल दुसरं कोणी लिहिलं तर ते लिहील की मयत फार प्रेमळ होत्या. प्रेमळ होती, पण त्याच्याआधी हट्टी होती. तो हट्ट कशाचा, ते मलाच माहीत आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. लग्नानंतर मी एकटाच इथे आलो, धैदच्या ह्याच मजऱ्यावर पंप बघायला. म्हातारा अरबाब, म्हणजे मालक, मनाने मोठा होता. त्याची आई आजारी, तिला सोबत पाहिजे होती, म्हणून त्याने हाजराला बोलावून घ्यायची परवानगी दिली. पंपाच्या खोलीला लागून एक खोली होती, तीच आम्हाला दिली. रात्रंदिवस पंपाचा घुर्रर्र आवाज. हाजरा पहिल्या दिवशी म्हणाली, "ही सवत झोपत नाही का कधी?" नंतर पंप बंद पडला की तिलाच जाग यायची, मला हलवायची, "उठा, तुमची ती रुसली." अरबाबचा मुलगा सैफ तेव्हा एवढासा होता. आजीच्या खोलीत बसून हाजराच्या हातचे तांदळाचे घावन मधाबरोबर खायचा. तो तिला अम्मा म्हणायला लागला तो आजपर्यंत.

घर सोडताना हाजराला तिच्या आईने स्वतःच्या कानातल्या बुगड्या काढून दिल्या होत्या, आणि एक पितळेची सुरमेदाणी. सोनं म्हणाल तर नखाएवढं. पण आईच्या कानातून निघून सरळ तिच्या कानात गेलेलं. आम्ही पहिल्यांदा सुट्टीवर निघालो तेव्हा प्रश्न आला, ह्या वस्तू ठेवायच्या कुठे. खोलीला कुलूप नव्हतं, मजऱ्यावर माणसं येत-जात. गावी न्यायच्या तर एअरपोर्टवर बॅगा गायब व्हायच्या गोष्टी रोज ऐकायचो. हाजराने दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, त्यात बुगड्या आणि सुरमेदाणी फडक्यात बांधून ठेवली, आणि पंपाच्या खोलीपासून तिसऱ्या खजुरीच्या बुंध्याशी पुरला. मी खणलं, तिने माती लोटली, वरून चपलेने दोनदा थोपटलं. मी म्हटलं, काही खूण ठेव. ती म्हणाली, "खूण कशाला? माणूस हलेल, झाड कुठे जातंय?" मलाही पटलं. आमच्याकडे झाड म्हणजे हद्दीचा दगड. आंबा कोणाचा, फणस कोणाचा, ह्यावर आजोबा-पणजोबांच्या जमिनी ठरतात. झाड उठून दुसरीकडे जातं, हे आम्ही कधी बघितलेलंच नव्हतं.

गावी आईने पहिलं काय विचारलं असेल, तर "हाजू, कान का ओके?" ही म्हणाली, "तिकडे जपून ठेवल्यात, आई." सुट्टी माझ्या काविळीमुळे लांबली. परत आलो तर पंपाच्या खोलीपासून रस्त्यापर्यंत आकाश दिसत होतं. खजुरींची सगळी ओळ गेलेली. नवीन रस्ते होत होते, त्यांच्या कडेला लावायला मोठ्या खजुरी पाहिजे होत्या. क्रेन आल्या, झाडं मुळांच्या गोळ्यासकट उपटली, ट्रकवर आडवी घातली, गेली. जमीन सपाट करून त्यावर चाऱ्याचं गवत लावलेलं. डबा मुळांबरोबर गेला की मातीत राहिला, कोण सांगणार? आम्ही टिकाव घेऊन बरंच उकरलं, शेवटी आता पुरे म्हणून अरबाबने हात जोडले. हाजरा रडली नाही. पण कानातली भोकं बुजू दिली, दुसरं काही घातलं नाही. आई पुढच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, बुगड्या जपून ठेवलेल्या आहेत. हाजराला दफनाला जाता आलं नाही. त्या काळात तिकीट, कागद, कोणाला जमायचं?

नंतर मी वर्कशॉपमध्ये लागलो, दुबईत अल कुसैसला राहिलो, रुबीना झाली, शिकली, तिला नोकरी लागली, आता तिच्याच व्हिसावर आम्ही दोघं अजमानला. तेवढ्या सगळ्या वर्षांत हाजराने डब्याचं नाव काढलं ते फक्त गाडीत. रस्त्याच्या मधोमध खजुरींची रांग दिसली की खिडकीतून बघायची. "तो खजूर बघा, जरा वाकडा. आपलाच." मी म्हणायचो, "विचार त्याला, डबा कुठे ठेवला." ती काच खाली करून खरंच विचारायची. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे. रुबीना मागून, "अम्मी, प्लीज!"

मग दुबईच्या ड्रॅगन मार्ट बाजारात एकदा पडदे घ्यायला गेलो, तर एका दुकानात माणूस हे मशीन दाखवत होता. गालिच्याखाली नाणं टाकायचा, थाळी फिरवायचा, टूं वाजायचं. हाजरा पडदे विसरली. घरी आल्यावर नातीने विचारलं, "नानी, यू आर गोइंग टू फाइंड गोल्ड?" ही म्हणाली, "हो गं बाय. येस. गोल्ड." सैफला फोन केला. म्हातारा अरबाब कधीच गेला, घर पडकं, सैफ दुसरीकडे बांधून राहतो, मजऱ्यावर आता फक्त बकऱ्या. तो म्हणाला, "अम्मा, तुम्हारा घर है, यल्ला आओ. बस खड्डा बंद करना. बकरी का पैर टूटता है." एवढी एकच अट.

तेव्हापासून दर हिवाळ्यात, थंडी पडली की दर जुम्म्याला आम्ही धैदला. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं. वाजायचं, पुष्कळ वाजायचं. पण निघायचं काय? तर माझा कचरा. त्या वयात मी काम झालं की हातातलं तिथेच टाकायचो. वायसर, तुटकी स्प्रिंग, तारेचे तुकडे, गंजून फुगलेले बोल्ट. ती एकेक वस्तू माती झटकून माझ्यापुढे धरायची. "हे?" "पंपाचं वायसर." "कोणी टाकलं?" "...मी." "हे पण तुमचंच! तेव्हा झाडू मारला होता, तो पुरला नाही, आता जमिनीखालून मारतेय." सगळं एका बिस्किटाच्या डब्यात भरून घरी आणायची. मी म्हणायचो फेक. ती म्हणायची, "राहू द्या, तुमचं तारुण्य आहे ते." आणि निघायच्या आधी प्रत्येक खड्डा भरायची, चपलेने दोनदा थोपटायची, मगच गाडीत. एकही खड्डा कधी उघडा सोडला नाही. तो शेवटचा सोडून.

त्या शुक्रवारपासून बुधवारपर्यंत ती वेगळीच होती. माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं, पण तिला रागवायला फुरसत नव्हती. गावी बहिणीला फोन करून सांगितलं, "मिळाला समज. लोखंडाचा आवाज मला झोपेत कळतो, हा लोखंडाचा नव्हता. पितळेचा होता." मंगळवारी मी बाहेरून आलो तर आरशासमोर बसलेली, हाताला खोबरेल तेल. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय, तुमचं ट्रॅफिक बघा." आम्ही हसलो. चहा प्यालो. मी पुढे विचारलं नाही.

गुरुवारी गुसल द्यायला, म्हणजे मयतीला आंघोळ घालायला, बायका आत गेल्या, रुबीनाही गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत टिश्यू होता. "अब्बा, अम्मीच्या कानात हे होतं." कडुनिंबाच्या दोन काड्या, टाचणीएवढ्या, तेल लावलेल्या. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाड आहे, त्याच्याच. बुजलेली भोकं ती उघडत होती. एका कानाची काडी आरपार गेली होती म्हणे, दुसरी अर्धी. रुबीना विचारत होती, "व्हाय, अब्बा? दुखत होतं का तिला?" मी काड्या खिशात टाकल्या आणि कब्रस्तानात गेलो.

शुक्रवारी सकाळी, फजरची नमाज झाल्यावर, घरात पाहुणे झोपलेले होते. मी मशीन घेतलं, तिचं खुरपं घेतलं, कोणाला न सांगता धैदला गेलो. रस्ता मोकळा होता. झावळी होती तशीच होती. हेडफोन कानाला लावला, तर त्याला तिच्या तेलाचा वास. थाळी खड्ड्यावर धरली. आवाज आला, आणि खरंच वेगळा होता. इतक्या वर्षांत मी एकदाही हेडफोन लावून ऐकलं नव्हतं, म्हणून मला माहीत नव्हतं. जमीन कडक होती, पण खुरप्याने फुटत होती. तिने मागितला होता तेवढाच वेळ लागला असेल, जास्त नाही. खालून निघाला पंपाचा एक पितळी नट. मोठा, सहा कोनांचा, एका कडेला माझ्या पान्याचे ओरखडे. मी ओळखला. नवीन बसवला होता तेव्हा जुना मागे न बघता खांद्यावरून भिरकावला होता.

जमलेल्या लोकांपैकी ज्यांना मी हे सांगितलं ते म्हणतात, बरं झालं चाचा, आशेवर गेली, सुखात गेली. मला नाही पटत. मी दहा मिनिटं दिली असती तर हा नट तिच्या हाताने निघाला असता. तिने तो माझ्या नाकासमोर धरला असता, "हे पण तुमचंच!" म्हणाली असती, गाडीत घरापर्यंत मला बोलली असती. काड्या कानात गेल्या नसत्या. डबा तेव्हाही नव्हता, आताही नाही, कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला कुठल्या तरी मुळांत असेल. त्याचं मला काही नाही. मला तिचं ते बोलणं पाहिजे होतं.

मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. मग बकऱ्या सुटल्या, माझ्या दिशेने यायला लागल्या, तेव्हा उठलो. नट खिशात काड्यांजवळ टाकला. हातानेच माती आत लोटली. आदल्या दिवशी तिच्या कबरीत मूठ टाकून बाजूला व्हावं लागलं होतं, मागे माणसं उभी होती. इथे मागे कोणी नव्हतं. सगळी माती मीच टाकली. वरून चपलेने दोनदा थोपटलं, बकऱ्यांच्या टाकीतून डबाभर पाणी आणून शिंपडलं, आणि मशीन गाडीत ठेवून जुम्म्याच्या नमाजेला परत निघालो.