निपाणीच्या बांधावरील वाकडी झाडे

आप्पांची आणि माझी पहिली भेट झाडाखाली नव्हे, मागाजवळ झाली. शहापुरात आमच्या घरी तेव्हा दोन माग चालत. एके सकाळी पटका बांधलेले एक उंच गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "तुटक्या सुताच्या गुंड्या हायत काय? झाडं बांधायला पायजेत." मी तरुण होतो आणि जिभेला हाड नव्हते. "का, झाडं पळून जात्यात व्हय?" असे मी विचारले. आप्पा शांतपणे म्हणाले, "पळून न्हाय जात. वाकडी जात्यात." सूत घेऊन ते गेले आणि मी दिवसभर आपल्याशीच हसत राहिलो.

बेळगुंदीचे भरमाण्णा आप्पा यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वानांनी त्यांच्याविषयी लिहावे हे योग्यच आहे. मी पडलो विणकर, पुढे त्यांच्या हाताखाली माळी झालो. माझ्या लिहिण्यात गाठी फार सापडतील, त्या वाचकांनी पोटात घालाव्यात.

माग बंद पडल्यावर मी बेळगुंदीला त्यांच्या रोपांच्या मळ्यात कामाला लागलो. नव्या लग्नाची बायको आणि तान्हे मूल घेऊन गेलो होतो. आप्पांनी लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांच्या बागांत उमेदवारी केली होती, पण त्यांचा जीव फुलांत नव्हता. त्यांना आवडे बकाण निंब. हे झाड वर्षात माणसाच्या डोक्यावर जाते आणि तितक्याच घाईने वाकडेतिकडे होते. ते सरळ वाढवून त्याचे घराला वासे करायचे, हा आप्पांचा ध्यास. दोन शेंडे फुटले की ते एक खुडून टाकीत आणि म्हणत, "एका घरात दोन कारभारी कशाला?" पानांच्या बगलेतले कोवळे डोळे, म्हणजे नव्या फांद्यांचे कोंब, ते अंगठ्याने काढीत. "नख लागतंय तंवर कोयता नको," हे त्यांचे वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ आहे. खानापूरकडच्या एका लग्नात मंगलाष्टके चालू असता आप्पा मांडवाच्या कडेला उभे राहून तिथल्या एका बकाणाचे डोळे खुडत होते. त्यांच्या वाट्याच्या साऱ्या अक्षता त्या झाडावर पडल्या.

त्या मळ्यातल्या सकाळी आठवल्या की आजही हुरहूर लागते. दव पडलेले असे, शेजारच्या खाचरातून भाताचा वास येई आणि आप्पा एकेका रोपापाशी थांबत थांबत पुढे जात. माझ्या मुलाला मुदतीचा ताप आला तेव्हा त्यांच्या घरच्या आक्का रोज पेज करून देत आणि आप्पा ती स्वतः आमच्या खोपीत आणून ठेवीत. पोराची चौकशी करीत, पण कामावर कधी येणार हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ऐन उमेदीत आप्पांनी निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठची झाडे बिघडवली, ही कथा खडेबाजारात अजून चघळली जाते. "आप्पासुद्धा चुकतात" असे म्हणून लोक हसतात आणि आप्पाही त्यांच्यात हसतात. खरी हकीकत अशी आहे.

शेठना वखारीच्या छपरासाठी वासे हवे होते. त्यांच्या शेताच्या बांधावर बकाणाची रांग आप्पांनी लावली आणि रोपांनी मूळ धरल्यावर, बेळगुंदीत भातलावणी आली म्हणून, राखण माझ्यावर सोपवून ते परतले. जाताना बजावून गेले, "खालच्या फांद्या एकदम काढू नगंस. ते झाडाचं जेवण हाय. आन् बांधताना बोटभर जागा ठेव. झाडाला वाऱ्यात हलू दे." मी मान डोलावली. पण हात विणकराचा. ताणा ढिला पडला की कापड बिघडते, हेच मला जन्मापासून ठाऊक. शेठच्या मनात भरावे म्हणून पुढल्या वर्षभरात खालच्या साऱ्या फांद्या मी साफ केल्या आणि प्रत्येक रोप बांबूला सुताने असे आवळले की वाऱ्याची काय बिशाद. शेठ रांग बघून खूश झाले. मीही फुशारून गेलो.

पुढच्या आषाढात बांबूंच्या बुडाला वाळवी लागली आणि एका वाऱ्याच्या दिवशी ते एकामागून एक मोडले. बारीक, उंच वाढलेली झाडे शेंड्याच्या भाराने कमानीसारखी वाकली. आप्पांना निरोप गेला. शेठ बांधावर उभे होते. "हे कुणाचं काम?" त्यांनी विचारले. हे काम गेले असते तर परतायला माग उरला नव्हता.

"माझं," आप्पा म्हणाले. "असं बांधायला म्याच सांगितलतं. चुकलं माझं."

"आप्पा, तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती," एवढेच बोलून शेठ निघून गेले. मग आप्पांनी कोयता माझ्या हातात दिला आणि सगळी झाडे जमिनीपासून वीतभर ठेवून, तिरका घाव घालून, मलाच तोडायला लावली. मी रडत होतो. "रडू नगंस रं. मूळ जितं हाय," ते म्हणाले. श्रावणात प्रत्येक बुडख्याला धुमारे फुटले. त्यांतला वाऱ्याच्या बाजूचा, बुडाशी जाड असा एकच कसा राखायचा हे त्यांनी मला तिथे शिकवले. आज ती झाडे वखारीच्या छपराला आहेत, एकही वासा वाकडा नाही. पण मधली कैक वर्षे निपाणीच्या एकाही व्यापाऱ्याने आप्पांना बोलावले नाही. माझे काम मात्र एक दिवसही थांबले नाही.

परतीच्या वाटेवर मी विचारले होते, "आप्पा, खोटं का बोललासा?"

"तुझं नाव अजून कोवळं हाय. मोडलं असतं. माझं जून झालंय, सोसंल."

"मी खरं काय ते सगळ्यांस्नी सांगणार."

"सांग की. पर मी मेल्यावर."

एवढी वर्षे मी हा शब्द पाळला. आज आपण सारे मिळून आप्पांसाठी शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य मागत आहोत आणि त्यांची चाल बघता ते मिळणार याविषयी मला शंका नाही. म्हणजे मी अजून चाळीस वर्षे तोंड मिटून बसायचे, आणि तोवर लोकांनी आप्पांना हसायचे. ते माझ्याने होणार नाही. आप्पा, हे वाचून तुम्ही माझ्यावर रागवाल. रागवा. पुरी शंभरी गाठेपर्यंत रागवत राहा.