वाडी माझ्या नावावर लिहिल्यानंतर

मृत्युपत्रासारख्या विषयावर मी लिहावं एवढं माझं शिक्षण नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तरी धाडस करतोय, क्षमा असावी.

शिरगावच्या माझ्या काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपली चिकूची वाडी मृत्युपत्रात मला द्यायचं ठरवलं आणि नोंदणीसाठी मला पालघरला सोबत नेलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याचा? ह्याच्यानं कोंबडी पण हाकलवत नाय."

सगळे हसले. मी मान खाली घातली, कारण वाडी मला खरंच हवी होती.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा शिरगावला गेलो, तर शेजारच्या काकूंनी हाक मारली, "काय रे, झाडं मोजायला आलास?"

थट्टाच होती ती, पण मला लागली. मग वाटायला लागलं, म्हातारा कधी जातो ते बघायला येतो, असंच लोक म्हणत असतील. म्हणून परीक्षेचं निमित्त सांगून मी रविवारीही बोईसरला घरीच राहू लागलो. काका फोनवर म्हणायचे, "शीक बाबा, शीक."

परवा त्याच काकूंचा फोन आला. "तुजे काका पहाटे गेले. आता तरी ये."