समुद्रावरचा भुसा

सकाळी धक्क्याजवळच्या पाण्यावर तपकिरी भुसा तरंगताना दिसला आणि शेजारी होड्या बांधणाऱ्या सुतारानेच तो टाकला असणार, असं धरून मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, शिमग्यापासून रंधा हातात धरला नाही मी. मला नाही, समुद्राला विचारा."

माझ्यासोबत धक्क्यावर आलेली माझी पुतणी समुद्रविज्ञान शिकते. ती हसली. "काका, हे जिवाणू आहेत. हवेतला नायट्रोजन पकडून समुद्राला खत पुरवतात. पण लोह, फॉस्फरस कमी पडलं तर भर उन्हातही त्यांची वाढ खुंटते. खोल समुद्रावर लोह येतं ते बरंचसं वाळवंटातल्या धुळीतून, वाऱ्याबरोबर."

मी त्या भुशाकडे पाहत राहिलो. डोक्यावर अख्खं आभाळ नायट्रोजनने भरलेलं, आणि अडतं कुठे, तर चिमूटभर लोहापाशी! माझंही तसंच झालंय. डोक्यावरच्या टोपलीतून मासे विकत मी इथवर आलो. आज मासा आहे, गिऱ्हाईक आहे, टेम्पो आहे. फक्त बर्फ नाही. मी भावात घासाघीस केली म्हणून गावातल्या एकुलत्या बर्फ कारखान्याच्या मालकाने, माझ्या सख्ख्या मेव्हण्याने, ऐन हंगामात माझा बर्फ बंद केला. हे मी विसरणार नाही.

"मग यांनी वाऱ्याची वाट बघत बसायचं?" मी विचारलं.

"त्यांना तेवढंच करता येतं, काका."

भुसा लाटेवर निमूट डोलत होता. मी खिशातून टेम्पोची किल्ली काढली. पलीकडच्या बंदरातही बर्फ मिळतो, आणि मला चाकं आहेत.