आजचं इंग्रजी संगीत, शुक्रवारी अकरा वाजता

पत्रक कसं लिहायचं हे मी पुण्यात कॉलेजच्या आंदोलनांत शिकले. एका नजरेत वाचून व्हायला हवं, आणि जड शब्द आला की खोडायचा. मस्कतला आईबाबांकडे परत आल्यावर ही विद्या मी एकदाच मनापासून वापरली आणि सपशेल तोंडावर आपटले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. रुसैलच्या कारखान्यात इंजिनिअर. निवृत्त होऊन कायमचे पुण्याला निघाले होते. त्यांच्याकडे भिंतभर सीड्या होत्या, सगळ्या सिंफन्या, आणि त्याही आज हयात असलेल्या, इंग्लंडमधल्या संगीतकारांच्या. पहिली सीडी कारखान्यातल्या एका इंग्रज साहेबाने जाताना दिलेली, बाकीच्या काकांनी एकेक करून मागवलेल्या. शाळेत असताना मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन ऐकायची. कळायचं शून्य. पण सीडी संपेपर्यंत उठवायचं नाही.

"तिकडच्या फ्लॅटमध्ये माझ्या देवांना जागा नाही," काकू म्हणाल्या, "ह्यांचे गोरे कुठे बसवू?"

काकांना त्या सीड्या इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला द्यायच्या होत्या. सगळ्या एकत्र, एका कपाटात. नाहीतर त्या इमारतीमागच्या कचऱ्यात जाणार हे ठरलेलंच होतं. मंडळाचे चिटणीस मला म्हणाले, "लोकांना हवं असेल तर ठेवू की. आधी एक कार्यक्रम करून दाखव."

काकांनी पत्रकासाठी मथळा लिहून दिला : 'समकालीन इंग्लिश सिंफनी : निवडक ध्वनिमुद्रणं'.

"काका, हे कुत्रंसुद्धा वाचणार नाही," मी म्हणाले. आणि लिहिलं : 'आजचं इंग्रजी संगीत! शुक्रवारी अकरा वाजता. मुलांना घेऊन या!' ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. माझी मान ताठ. काका इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःचा प्लेअर आणि स्पीकर घेऊन आले होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या दोन मुलींच्या हातात वह्या-पेन्सिली दिल्या.

"शब्द फळ्यावर लिहिणार ना?" त्यांनी मला विचारलं.

"कसले शब्द?"

"गाण्यांचे. ह्या बोलतात फाडफाड, पण उच्चार आपल्यासारखेच. ते सुधारतील म्हणून आणलं."

"यात शब्द नसतात. नुसती वाद्यं."

"मग हे इंग्रजी कसं?"

मी मागे पाहिलं. अर्ध्या हॉलच्या मांडीवर वह्या. 'इंग्रजी' म्हणजे आमच्याकडे भाषा, विषय, मार्क. इंग्लंड कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि तो शब्द माझ्याच पत्रकातला होता.

काकांनी सीडी लावली. एका संगीतकार बाईंची सिंफनी. ती इतक्या हळू सुरू होते की फक्त एसीची घरघर ऐकू येत होती. मी जाऊन एसी बंद केला.

"अगं ए, मे महिना आहे! माणसं मरतील!" मागून एक आजोबा ओरडले. कोणीतरी एसी परत लावला. मी परत बंद केला. असं तीनदा झालं. त्या गडबडीत व्हायोलिनं आली कधी आणि गेली कधी, कोणालाच कळलं नाही. पहिला भाग संपला, शांतता झाली, आणि चिटणीस टाळ्या वाजवत उठले. "खलास? वा! चला, वडे गरम आहेत तोवर..."

"अजून तीन भाग आहेत!" मी किंचाळले. ऐकायला खुर्चीत कोणी नव्हतं.

काका गुपचूप वायर गुंडाळत होते. मला त्यांचा राग आला. एवढ्या वर्षांचा संग्रह, आणि माणूस भांडायलासुद्धा तयार नाही!

हातात वड्याची प्लेट घेऊन चिटणीस आले. "कपाट देतो. पण वर पाटी लावायची : इंग्रजी श्रवण वर्ग. कमिटीला पटेल असं काहीतरी हवं ना."

"हे धडधडीत खोटं आहे."

"मग घेऊन जा सगळं."

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिही गं. एकदा लिहिलंच आहेस की."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. मी जाड मार्करने पाटी लिहिली, नेहमीच्याच ठसठशीत अक्षरात. आम्ही दोघांनी दुपारभर सीड्या लावल्या, संगीतकाराच्या आडनावाप्रमाणे. पुढच्या आठवड्यात काका-काकू पुण्याला गेले.

महिन्याभराने काकांचा मेसेज आला : कोणी नेतं का ऐकायला?

मी बघायला गेले. पाटी होती, खाली सीड्या होत्या, आणि कपाटाला कुलूप होतं. चिटणीसांना किल्ली मागितली.

"मुलं उगाच हात लावतात. देऊ, देऊ. सुट्टी संपू दे, इन्शाल्ला."

इथे वाढलेल्या कोणालाही या इन्शाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही : कधीच नाही. मी तिथे उभी राहून तावातावाने भांडले. नवं पत्रक काढीन म्हणाले. ते हसले, "काढ. पण या वेळी नीट मराठीत काढ हो."

घरी येऊन काकांना उत्तर लिहायला बसले. 'हळूहळू नेतील' असं लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं : 'नाही नेत. कुलूप लावलंय. मथळा तुमचाच बरोबर होता.'