छत धुतलं त्या दिवशीचा कागद

२०१८ साल. माझं वय छप्पन. रायपूरले उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका अंगणवाडीच्या छतावर आमच्या प्रदूषण ऑफिसची मशीन होती अन् मी तिचा अटेंडंट. शिक्षण चौथी. पण अकरा वर्षांत एकही कागद वाकडा लावला नाही.

कागद म्हणजे फिल्टर. मशीन हवा ओढते, धूळ पांढऱ्या कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, चोवीस तासांनी पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ.

बाजूला लोखंडाची आणखी एक भट्टी येणार होती. आधीच्याच धुळीनं लेकरं खोकून राहिलीत म्हणून अंगणवाडीच्या साहू दीदीनं तक्रार दिली होती. आमचे मेश्राम साहेबही परवानगीच्या विरोधात होते. परवानगी देणारी कमिटी म्हणाली, आमच्यासमोर एक कागद लावा, त्यावर ठरवू.

मोठे लोक येणार. माझी जागा घाण दिसू नये म्हणून मी सकाळीच छत धुतलं. टँकरवाल्याले सांगून गल्लीभर पाणी मारलं, संध्याकाळी पुन्हा मारलं. कोणी सांगितलं नव्हतं.

"जगह तो साफ-सुथरी है," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. मले बरं वाटलं. त्यांच्यासमोर कागद लावला.

दुसऱ्या दिवशी कागद काढला. रोज काळा निघायचा, तो राखाडी निघाला. लॅबमध्ये आकडा मर्यादेच्या आत आला.

साहेबांनी मले केबिनमध्ये बोलावलं. "वासनिकभाऊ, गल्ली ओली काहून होती?"

"मीच पाणी मारलं. पाहुणे येणार होते न."

"ओल्या गल्लीत धूळ उडते का, भाऊ?" साहेबांनी आकडा माझ्यासमोर सरकवला.

"लिहून देतो साहेब. सस्पेंड करा मले."

"तुम्ही लिहून द्याल, अन् भट्टीवाल्यांचा वकील म्हणेल, हा माणूस अकरा वर्षं कागदात गडबड करून राहिला. मंग मागचे सारे काळे कागदही गेले."

"मंग आता?"

"आता काही नाही. घरी जा."

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये परवानगी झाली. साहेब एक शब्द बोलले नाहीत म्हणे.

धूळ मोजणाऱ्यानं धुळीले हात लावू नये. हे मले कोणी शिकवलं नव्हतं, अन् विचारणं मले कमीपणाचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरं यायच्या आधी अंगणवाडीत गेलो. साहू दीदी सतरंजी झटकत होती. तिले सगळं सांगितलं.

"तो अब भट्ठी आएगी, भैया?"

"हव."

ती पुन्हा सतरंजी झटकायले लागली. मी वर जाऊन नवा कागद लावला.